हूटर वाजल्यावर कोण येणार?

२०१५ सालच्या ईस्टरच्या सुट्टीत लंडनच्या हॅटन गार्डन भागात एक मोठी घरफोडी झाली. हॅटन गार्डन म्हणजे तिथला झवेरी बाजार. हिऱ्यांचे आणि दागिन्यांचे व्यापारी आपला माल तिथल्या एका तळघरातल्या लॉकरमध्ये ठेवत. गुरुवारी संध्याकाळी कर्मचारी कुलपं लावून घरी गेले आणि रात्री एक टोळी लिफ्टच्या पोकळीतून तळघरात उतरली. त्यांनी टेलिफोनची तार कापली, अलार्मच्या अँटेनाची मोडतोड केली. तरीही मध्यरात्रीनंतर यंत्रानं इशारा पाठवलाच. देखरेख करणाऱ्या कंपनीनं तो पोलिसांना कळवला. पोलिसांच्या नियंत्रण कक्षात त्या कॉलला जी श्रेणी मिळाली, तिचा अर्थ होता कोणी जायची गरज नाही. एक सुरक्षारक्षक मात्र आला. त्यानं बाहेरून पाहिलं, दार शाबूत दिसलं, तो परत गेला. चोर त्या वेळी आतच होते. अर्धा मीटर जाडीची काँक्रीटची भिंत त्यांनी ड्रिलनं पोखरली. भिंतीमागचं कपाट पहिल्या रात्री हलेना, तर निघून गेले आणि शनिवारी रात्री परत येऊन काम पुरं केलं. चोरी उघडकीला आली मंगळवारी सकाळी. सुमारे एक कोटी चाळीस लाख पौंडांचा माल गेला होता.

यंत्र नापास झालं नव्हतं. ते वाजलं होतं, तार कापूनही वाजलं होतं. यंत्र वाजल्यापासून माणूस आत शिरून बघेपर्यंत जी साखळी असायला हवी, ती तुटली. घरासाठी किंवा दुकानासाठी अलार्म कंपनी निवडताना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हाच भाग, आणि आपल्याकडे नेमका तोच सोडून बाकी सगळं विचारलं जातं. तीन कोटेशन मागवायची, कोण किती सेन्सर देतो ते मोजायचं, डबा कुठल्या ब्रँडचा ते बघायचं, वर दोन सेन्सर फुकट मिळाले की सौदा पक्का. रात्री अडीच वाजता हूटर वाजला तर पहिला फोन कोण उचलणार आणि किती वेळात कोण दारात येणार, हे विचारणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं.

घंटेला माणसाची जोड हवी हे काही नवं शहाणपण नाही. विजेवर चालणाऱ्या चोरघंटीचं पेटंट १८५३ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ऑगस्टस पोप या धर्मोपदेशकानं घेतलं. दार किंवा खिडकी उघडली की विद्युतमंडल पुरं होऊन घंटा वाजायची. पुढे एडविन होम्स यानं ते पेटंट विकत घेतलं आणि धंदा न्यूयॉर्कला नेला. घरातल्या मालकापुरती वाजणारी घंटा अपुरी आहे हे त्याला कळलं. त्यानं गिऱ्हाइकांच्या इमारतींपासून एका मध्यवर्ती कचेरीपर्यंत तारा ओढल्या आणि तिथे रात्रभर माणसं बसवली. म्हणजे आज ज्याला सेंट्रल मॉनिटरिंग म्हणतात, ती कल्पना जवळजवळ त्या यंत्राइतकीच जुनी आहे. बॉस्टनमध्ये १८७७ साली होम्स कुटुंबाच्या तिथल्या तारांवरून ग्रॅहम बेलच्या नव्या टेलिफोनची जोडणी करून पाहिली गेली. चोरांसाठी ओढलेल्या तारांवरून माणसं एकमेकांशी बोलू लागली, हा इतिहासातला मला फार आवडणारा प्रसंग.

आपल्याकडे अलार्म वाजल्यावर काय होतं ते नीट पाहू. महाराष्ट्रात दुकानांत आणि घरांत बसणाऱ्या बहुतांश यंत्रणा दोन गोष्टी करतात. जागेवर हूटर वाजवतात आणि मालकाच्या मोबाइलवर कॉल, एसएमएस किंवा ॲपचा इशारा पाठवतात. पोलीस ठाण्यात आपोआप काही कळत नाही. मालकानं उठून ११२ ला फोन करायचा, मग जवळच्या बीट मार्शलना किंवा गस्तीच्या गाडीला निरोप जातो. मालक गाढ झोपेत असेल, फोन सायलेंटवर असेल, गावी लग्नाला गेला असेल आणि तिथे रेंज नसेल, तर साखळी तिथेच तुटली. दुसरा पर्याय म्हणजे कंपनीचं चोवीस तास चालणारं देखरेख केंद्र. बँका आणि एटीएमसाठी ही सेवा आपल्याकडे बरीच रुळली आहे, आता काही कंपन्या ती दुकानांना आणि बंगल्यांनाही देतात. केंद्रातला माणूस इशारा बघतो, कॅमेरा असेल तर चित्र पाहतो, तुम्हाला फोन करतो, तुम्ही न उचलल्यास यादीतल्या पुढच्या नावाला करतो आणि गरज पडली तर पोलिसांना कळवतो. काहींची स्वतःची माणसंही येऊन बघतात.

तेव्हा कंपनीच्या माणसाला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: इशारा आल्यापासून पुढे काय काय होतं, ते मला पायरीपायरीनं लिहून द्या. केंद्र कुठल्या शहरात आहे? रात्रपाळीला तिथे मराठी किंवा निदान हिंदी बोलणारा माणूस असतो का? आपल्या हद्दीतलं पोलीस ठाणं त्यांना माहीत आहे का, की दुसऱ्या राज्यात बसलेला मुलगा सांगलीतल्या गल्लीचा पत्ता नकाशात शोधत बसणार? यावर 'सगळं ऑटोमॅटिक आहे सर' एवढंच उत्तर आलं, तर त्या कंपनीशी पुढे बोलण्यात अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

यादीतली नावं हा विषय तर कंपनीकडूनही दुर्लक्षित राहतो. यादीत सहसा नवरा, बायको आणि मोठा मुलगा असतात, आणि तिघंही एकाच गाडीतून कोकणात गेलेले असतात. या यादीत एक तरी असा माणूस हवा जो पाच मिनिटांत पोचू शकेल आणि ज्याला आधी विचारलेलं असेल: शेजारी, समोरचा मेडिकलवाला, सोसायटीचा सेक्रेटरी. त्याला हेही सांगून ठेवावं की एकट्यानं आत शिरायचं नाही. लांबून दिवे लावायचे, आरडाओरडा करायचा, पोलीस येईपर्यंत दाराकडे लक्ष ठेवायचं.

पुण्या-मुंबईत वयस्कर आई-वडील आणि मुलं अमेरिकेत, अशी घरं आता कितीतरी आहेत. तिथे अलार्मचा इशारा मुलाच्या फोनवर न्यू जर्सीत जातो. त्याला तिथून ११२ लावून उपयोग नाही, तो नंबर त्याला पुण्याच्या नियंत्रण कक्षाशी जोडून देणार नाही. अशा मुलानं आई-वडिलांच्या भागातल्या पोलीस ठाण्याचा लँडलाइन नंबर +९१ आणि एसटीडी कोडसकट फोनमध्ये ठेवायला हवा, आणि त्याहून आधी शेजारच्या काकांचा. अशा घरात चोरघंटीइतकंच महत्त्व पॅनिक बटणाला असतं. आजोबा बाथरूममध्ये पडले तर तेच उपयोगी पडतं, म्हणून ते पाण्यानं न बिघडणारं आणि गळ्यात अडकवता येणारं मागावं.

साखळी तुटण्याचं दुसरं कारण खोटे अलार्म. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांना येणारे घरफोडीचे अलार्म जवळजवळ सगळे खोटे निघत. शेवटी २००० साली त्या शहरानं नियम केला की खरंच काही घडतंय याची कोणीतरी जागेवर खात्री केल्याशिवाय पोलीस जाणार नाहीत. ब्रिटनमध्येही पोलिसांची तातडीची मदत हवी असेल तर यंत्रणा मान्यताप्राप्त कंपनीनं बसवलेली लागते आणि इशाऱ्याला दुजोरा लागतो, म्हणजे एका सेन्सरपाठोपाठ दुसऱ्यानंही काही पाहिलेलं असावं लागतं. आपल्याकडे असा लेखी नियम नसला तरी शेजाऱ्यांचा नियम आहेच. पहिल्यांदा हूटर वाजला की सगळी आळी बाहेर येते, दुसऱ्यांदा गॅलरीतून बघते, तिसऱ्यांदा कूस बदलून झोपते. आणि चौथ्यांदा मालकच वैतागून यंत्रणा बंद करून ठेवतो. म्हणून खोटे अलार्म कमी ठेवणं हे कंपनीचं खरं कसब आहे, आणि ते डब्याच्या ब्रँडपेक्षा बसवणाऱ्याच्या डोक्यात असतं.

आपल्या हवेत खोट्या अलार्मचं मोठं कारण म्हणजे पाल. भिंतीच्या कोपऱ्यात बसवलेला तो पांढरा मोशन सेन्सर कॅमेरा नसतो. त्याला पीआयआर म्हणतात आणि तो फक्त उष्णता बघतो. आपल्या अंगातून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सतत बाहेर पडत असतात. सेन्सरच्या पुढच्या खाचाखाचांच्या प्लॅस्टिकच्या भिंगामुळे खोलीचे पंख्याच्या आकाराचे पट्टे पडतात. एखादं गरम शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की आतल्या दोन घटकांपैकी एकाला ते आधी आणि दुसऱ्याला नंतर दिसतं, आणि त्या फरकावरून सेन्सर ठरवतो की काहीतरी हललं. पाल तशी थंड रक्ताची आणि लहान, पण ती थेट भिंगावरून फिरली तर सेन्सरच्या दृष्टीनं आख्खी खोली हलली. कोळ्याच्या जाळ्याचंही तेच. वायरीसाठी पाडलेलं भोक सिलिकॉननं बुजवणं, ट्यूबलाइटच्या शेजारी सेन्सर न बसवणं (दिव्याला किडे येतात आणि किड्यांमागे पाल), या बारीकसारीक गोष्टी ज्या इंजिनीअरला न सांगता सुचतात, त्याच्या कंपनीला दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

याच कार्यपद्धतीतून आणखी काही गोष्टी निघतात. पट्टे आडवे ओलांडणारा माणूस सेन्सरला पटकन कळतो, सरळ त्याच्या दिशेनं चालत येणारा उशिरा कळतो. म्हणून दारासमोरच्या भिंतीवर मधोमध बसवण्यापेक्षा बाजूच्या कोपऱ्यात, सात-आठ फुटांवर बसवणं बरं. आणि काच. आपल्याला काचेतून आरपार दिसतं, पण शरीराच्या उष्णतेचे हे किरण साध्या काचेतून जात नाहीत. एका तालुक्याच्या गावातल्या सराफी पेढीत यंत्रणा बसवून झाल्यावरची चाचणी मी पाहिली आहे. इंजिनीअर विशी-पंचविशीतला मुलगा होता. त्यानं शटर खाली ओढलं, सिस्टीम चाचणीवर टाकली आणि पेढीभर चालून दाखवलं. दर पावलाला सेन्सरचा लाल दिवा लुकलुकत होता. 'बघा शेठ, एक इंचसुद्धा सुटत नाही,' तो म्हणाला. शेठजी साठीच्या पुढचे. ते काही न बोलता काउंटरच्या आत गेले, काचेच्या उंच शोकेसमागे उकिडवे बसले आणि तसेच सरकत सरकत तिजोरीच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. दिवा एकदाही लागला नाही. मग शोकेसमागून आवाज आला, 'अरे बाळा, चोर तुझ्यासारखा ताठ थोडाच चालणार आहे?' मुलगा ओशाळला, पण त्यानं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं तिजोरीच्या दारावर वेगळा सेन्सर बसवला आणि आधीचा सेन्सर आतल्या कोपऱ्यात हलवला. मला ती कंपनी चांगली वाटली. मांडणी चुकू शकते, पण गिऱ्हाईक उकिडवं बसून बघत असताना तुम्ही थांबता की कागदावर सही मागता, यावर सगळं आहे.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी आणखी एक. पीआयआर सेन्सर शरीर आणि भोवताल यांच्या तापमानातला फरक बघतो. माणसाच्या त्वचेचं तापमान साधारण बत्तीस ते पस्तीस अंश. मे महिन्यात चंद्रपूरला किंवा अकोल्याला दिवसभर तापलेल्या पत्र्याच्या गोदामात शटर बंद असताना रात्रीही आतली हवा त्याच्याच आसपास असते. मग माणूस आणि भिंत सेन्सरला जवळजवळ सारखेच दिसतात आणि त्याची नजर मंद होते. चांगल्या सेन्सरमध्ये तापमानानुसार संवेदनशीलता बदलण्याची सोय असते. गोदामासाठी ड्युअल सेन्सर घ्यावा, त्यात पीआयआरच्या जोडीला मायक्रोवेव्ह लहरींनी हालचाल टिपणारा भाग असतो. मात्र नेहमीच्या ड्युअलमध्ये दोघांनी मान्य केलं तरच अलार्म वाजतो. खोटे अलार्म त्यानं कमी होतात, पण उन्हाळ्यात पीआयआर मंदावला तर ड्युअलही मंदावतो. म्हणून तिथे तापमानाची भरपाई असलेलाच ड्युअल मागावा आणि चाचणी मे महिन्यात, रात्री, शटर ओढून करून घ्यावी. डिसेंबरातल्या गुलाबी थंडीत घेतलेल्या चाचणीनं यातलं काहीच कळत नाही.

जागा न बघता, फोनवर स्क्वेअर फूट विचारून कोटेशन पाठवणारी कंपनी मी पहिल्याच फेरीत बाद करेन. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईत जुईनगरला बँक ऑफ बडोदाच्या शाखेत चोर दारातून आले नाहीत. जवळचा एक गाळा त्यांनी आधीच भाड्यानं घेतला होता, तिथून बोगदा खणत ते लॉकरच्या खोलीत जमिनीखालून वर आले आणि तीसेक लॉकर फोडून गेले. त्याच्या दहा वर्षं आधी, २००७ च्या डिसेंबरअखेर, केरळात चेलेम्ब्र इथे बँक पहिल्या मजल्यावर होती. चोरांनी खालची जागा हॉटेल काढायचं म्हणून घेतली, छताला भोक पाडलं आणि सुमारे ऐंशी किलो सोनं नेलं. दार, शटर, खिडकी यांच्यावरच पहारा ठेवणाऱ्या यंत्रणेला अशा चोरांचा पत्ता तिजोरीजवळ पोचेपर्यंत लागत नाही. भिंत आणि फरशी यांच्यातला ड्रिलचा किंवा घणाचा हादरा ओळखणारे व्हायब्रेशन सेन्सर असतात, ते सराफानं आणि पतसंस्थेनं घ्यायलाच हवेत. पण त्याआधी कंपनीच्या माणसानं शेजारच्या गाळ्यात कोण आहे, मागची बोळ कुठे निघते, वर गच्ची आहे की पत्रा, पोटमाळ्याला झरोका आहे का, हे हिंडून पाहायला हवं. आपल्या बाजारपेठांतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती सामाईक असतात. भगदाड पाडून आत शिरणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं, अलार्मवाल्यालाही ठाऊक असावं.

युरोपात यंत्रणांच्या चार श्रेणी मानल्या आहेत, आणि त्या चोर किती तयारीचा असेल यावरून ठरतात. दार उघडं दिसलं म्हणून शिरणारा भुरटा पहिल्या श्रेणीत, तर संपूर्ण योजना आखून साधनांनिशी येणारा चौथ्या. ही पद्धत मला शहाणपणाची वाटते. दोन खोल्यांच्या फ्लॅटला बँकेची यंत्रणा बसवून पैसे घालवण्यात अर्थ नाही. तिथे मजबूत सेफ्टी डोअर, दाराला मॅग्नेटिक सेन्सर, हॉलमध्ये एक मोशन सेन्सर आणि आवाज करणारा हूटर एवढं पुष्कळ झालं. कडी-कोयंडा तोडून शिरणाऱ्याला वेळ नको असतो आणि आवाज नको असतो, त्याला तेवढंच नाकारायचं.

आता वायरिंग, कारण कामचुकारपणा दिसतो तो इथे. दाराचा मॅग्नेटिक सेन्सर म्हणजे एका बाजूला लोहचुंबक आणि दुसऱ्या बाजूला बारीक स्विच. दार बंद असेतो वीज वाहत राहते, दार उघडलं किंवा तार कापली की मंडल तुटून अलार्म वाजतो. पण दोन तारा सोलून एकमेकींना जोडल्या तर दार उघडलं तरी यंत्राला ते बंदच वाटतं. दिवसा गिऱ्हाईक म्हणून आलेला माणूस हे उद्योग करू शकतो. त्यावर उपाय म्हणून ओळीच्या शेवटी एक छोटा रेझिस्टर बसवतात, मग तारा जोडल्या की यंत्राला रोध बदललेला कळतो. हा रेझिस्टर सेन्सरच्या टोकाला असेल तरच उपयोग. वेळ वाचवायला काही जण तो मुख्य पॅनेलच्या डब्यातच लावून टाकतात. यंत्रणा चालू दिसते, दिवे लागतात, आणि तारा जोडण्याच्या युक्तीपासून संरक्षण शून्य. काम संपल्यावर एक सेन्सर उघडून 'रेझिस्टर कुठे लावला ते दाखवा' एवढंच म्हणावं. चांगला माणूस हसून दाखवतो. कंपनीची पारख करायला यापेक्षा सोपी कसोटी मला माहीत नाही.

वायरलेस यंत्रणेत भिंती फोडाव्या लागत नाहीत म्हणून ती घरांसाठी लोकप्रिय आहे, आणि चांगल्या प्रतीची असेल तर घ्यावी. फक्त एक विचारावं: सेन्सर जिवंत आहे की नाही हे पॅनेलला कळतं का? स्वस्त संचांतले सेन्सर फक्त अलार्मच्या वेळी बोलतात. त्यांची बॅटरी संपली तर कोणालाच समजत नाही. चांगल्या यंत्रणेत पॅनेल आणि सेन्सर यांची ठरावीक वेळानं आपसात विचारपूस चालू असते. देखरेख केंद्र आणि पॅनेल यांच्यातही तशीच विचारपूस हवी. तुमच्या दुकानाचा पॅनेल अचानक गप्प झाला, तर तो गप्प होणं हीच मोठी बातमी आहे, आणि केंद्राच्या ती लक्षात यायला हवी.

गप्प होण्याची आपल्याकडची कारणं फार साधी असतात. वीज गेली, राउटर बंद, इंटरनेट गेलं. म्हणून वायफायच्या जोडीला सिमकार्ड हवंच, आणि राउटरला इन्व्हर्टर. सिमकार्ड प्रीपेड असतं आणि बसवून देणाऱ्यानं कधीतरी स्वतःच्या नावावर घेतलेलं असतं. वर्षभरानं रिचार्ज संपतो, कोणाच्या लक्षात राहत नाही. सिम तुमच्या नावावर घ्या किंवा रिचार्जची जबाबदारी करारात कंपनीवर लिहून घ्या. पॅनेलमधली बारा व्होल्टची बॅटरी साधारण तीनेक वर्षांत थकते, लोडशेडिंगच्या भागात त्याआधीच. बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करनं लिहिलेली असावी.

कंपनी मोठी घ्यावी की गावातली? मोठ्या कंपनीचा माल सहसा चांगला असतो, पण तालुक्याच्या गावात तो बसवतो स्थानिक डीलरच, आणि दुरुस्तीलाही तोच येतो. तेव्हा चौकशी डीलरची करायची. माझ्या मते छोट्या गावातल्या दुकानदारानं नामांकित माल आणि हाकेच्या अंतरावरचा माणूस ही जोडी शोधावी. कंपनी जुन्या गिऱ्हाइकांची नावं देईल, त्यांत निदान तीन वर्षं झालेली दोन तरी मागावीत. मागच्या महिन्यात बसवलेला प्रत्येक जण खूशच असतो. तीन वर्षांनंतरचा माणूस सांगतो की फोन केल्यावर कोण येतं आणि कधी येतं.

परवान्याबद्दल गैरसमज आहे. खाजगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे आणि पहारेकरी पुरवणाऱ्या एजन्सीला त्याखाली परवाना लागतो. पण त्यातली व्याख्या माणसांनी पहारा देण्याभोवती आहे. नुसते सेन्सर बसवून देणं तिच्यात बसत नाही. म्हणून कंपनी 'आमचा गार्ड येऊन बघेल' असं सांगत असेल तर तो परवाना जरूर मागावा. उरलेल्यांच्या बाबतीत सरकारी शिक्क्यावर विसंबता येत नाही, स्वतःच चौकशी करावी लागते. आणि एका गोष्टीची चौकशी हमखास करावी: तुमच्या घराचा नकाशा, तिजोरीची जागा आणि कोड ठाऊक असलेली मुलं कंपनीनं पोलीस पडताळणी करून कामावर ठेवली आहेत का.

कराराचा कागद घरी नेऊन सावकाश वाचा. यंत्र विकत घेतलं आहे की भाड्यानं, हे स्पष्ट हवं. एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात, बॅटरी धरली आहे का, तक्रारीनंतर किती तासांत माणूस येईल, रविवारी आणि दिवाळीत येईल का, तेही. इंजिनीअर कोड हा खरा कळीचा मुद्दा. पॅनेलमध्ये मालकाच्या कोडच्या वर एक कोड असतो. तो कंपनीनं स्वतःजवळ ठेवला तर एएमसी मोडल्यावर दुसरा कोणी त्या यंत्रणेला हात लावू शकत नाही, चालू यंत्रणा भंगारात जाते. करार संपताना तो कोड मालकाला देऊ, हे वाक्य आधीच घालून घ्यावं. बहुतेक करारांत आणखी एक कलम असतं की चोरी झाल्यास कंपनीची जबाबदारी घेतलेल्या शुल्कापुरतीच. ते कलम जाणं अवघड आहे, कारण अलार्म कंपनी विमा कंपनी नसते. पण इशारा येऊनही ठरलेल्या पायऱ्या पाळल्या नाहीत तर काय, हे वेगळं लिहून घेता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी, अन्याय्य कराराविरुद्ध दाद मागता येते. मात्र व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तू आणि सेवा त्यात सहसा येत नाहीत, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः छोटा धंदा चालवणाऱ्याला सूट आहे. मोठ्या शोरूमच्या मालकानं म्हणूनच कागदावर जास्त वेळ घालवावा.

विम्याचा धागाही इथेच जोडलेला आहे. घरफोडीच्या बऱ्याच पॉलिसींत बळजबरीनं आत शिरल्याची अट असते. २००४ मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ती अट जशीच्या तशी मानली आणि बळाचा वापर न झालेल्या चोरीला भरपाई नाकारली. अलार्मची वेळेनिशी नोंद, कुठला सेन्सर कितीला वाजला ते, अशा दाव्यात उपयोगी पुरावा ठरू शकते. ती किती महिने साठवली जाते ते विचारा. आणि विम्याच्या प्रपोजल फॉर्मवर अलार्म आहे असं लिहिलं असेल तर तो चालू ठेवणं तुमच्याकडे लागलं. बंद पडलेल्या अलार्मवरून विमा कंपनी दाव्याला हरकत घेऊ शकते.

कॅमेऱ्यांवर इथे फार लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. पण अलार्मसोबत कॅमेरे घेणार असाल तर पहिल्याच दिवशी कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमनं जगभरातले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते न बदललेल्या पासवर्डांमुळेच. केंद्र सरकारनंही सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची केली आहे. घेताना त्या मॉडेलचं प्रमाणपत्र मागा.

शेवटचा हप्ता हातात ठेवावा आणि तो देण्याआधी एका रात्री खरी चाचणी करावी. देखरेख केंद्राला किंवा यादीतल्या माणसांना आधी सांगायचं नाही, इतर शेजाऱ्यांना तेवढं सांगून ठेवायचं. मेन स्विच बंद करायचा, राउटर बंद करायचा, शटर उचलायचं आणि घड्याळ लावून उभं राहायचं. हूटर वाजला का, सिमवरून कॉल गेला का, केंद्रातून फोन किती मिनिटांत आला, बोलणाऱ्याला पत्ता बरोबर ठाऊक होता का, यादीतला दुसरा माणूस उठला का, हे सगळं कागदावर टिपून घ्यायचं. जे चुकलं ते दुरुस्त करून घ्यायचं आणि मग चेक द्यायचा. हीच चाचणी पावसाळा संपल्यावर एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीला बाहेरगावी जाण्याआधी एकदा, दर वर्षी करावी.